एकास शंभर

मी चौथी पास. पाचवीत पंधरा दिवस गेलो होतो, ते मी धरत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी मापाच्या आणि पाण्याच्या गोष्टी सांगणार आहे, आणि चौथी पास माणूस असलं काही सांगायला लागला की शिकलेल्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येतं. येऊ दे. कराडात एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये मी जवळजवळ चाळीस वर्षं काढलीत. कराड-विट्याकडची निम्मी लग्नं माझ्या हाताखालून ओली होऊन गेलीत.

ज्यांनी रोलचा कॅमेरा बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रोल कॅमेऱ्यातून काढला तर त्यावर काही दिसत नाही. अंधारात तो एका बंद डब्यात भरायचा आणि वरून डेव्हलपर ओतायचा, मग चित्र उमटतं. डेव्हलपरला मी औषध म्हणतो. बाटलीतलं औषध दाट असतं, त्यात पाणी घालावं लागतं. गवंडी जसा मालाला एकास सहा म्हणतो, तसं आम्ही एकास पन्नास म्हणतो. औषध एक वाटा, पाणी पन्नास वाटे. औषध जास्त पडलं तर उजेडाचा भाग करपतो, फोटोत पांढराफट्ट येतो. एवढीच विद्या आहे. पण ती हातात यायला जन्म जातो.

स्टुडिओ बंद पडला. आता कराडजवळच्या आमच्या गावी, मागच्या न्हाणीत माझं काम चालतं. पोरगा साखर कारखान्यावर आहे. तो म्हणतो, "आबा, काय त्या वासात बसता? पुण्याला लॅब आहे. कुरिअर करू रोल."

"का? पुण्याच्या पाण्याला सोनं लागलंय?"

"तिथं मशिनवर सगळं मोजून करतात."

"मग मशिनला म्हणावं, तुझ्या बापाची चाळीस वर्षं भरून दाव."

तो उठून गेला. म्हणजे पटलं म्हणून नाही, कंटाळला म्हणून. मला चालतं.

आता बहिणीचं सांगतो. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी. तासगावच्या पुढं एका गावात दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. द्राक्षाची बाग ती स्वतः बघते, आणि मजूर बायका तिच्या आवाजाला वचकून असतात. ह्या बाईनं पन्नासच्या वर वर्षं फोटो काढून घेतला नव्हता. माझ्या पोराच्या लग्नात सगळे ओळीनं उभे राहिले तर ही "भात लागंल खाली" म्हणून आत गेली. आधार कार्डाला तेवढी बसली. पण तो फोटो सरकारनं काढलेला, त्यात कुणीच कुणासारखं दिसत नाही.

तिच्या ह्या हट्टाचं कारण मी होतो. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

ती सतरा वर्षांची होती, मी डार्करूमला नवा. तिला मिलिटरीतल्या एका जवानाचं स्थळ आलं. मुलगा लांब छावणीत, त्यानं फोटो मागवला. आमच्या स्टुडिओतच काढला. आमच्या मालकाचा नियम होता, नवरीला कडक आणि म्हाताऱ्याला पातळ. म्हणजे लग्नाच्या पोरीचा फोटो असला की औषध कडक करायचं, चेहरा आपोआप उजळ येतो. मग वाळलेल्या निगेटिव्हवर, म्हणजे काळं-पांढरं उलटं असलेल्या फिल्मवर, गालाच्या जागी शिसपेन्सिल फिरवायची, आणखी उजळतो. त्या काळी सगळेच करायचे. माझी बहीण काळी. सावळी वगैरे नाही, काळी, आमच्या आईवर गेलेली. मी नियमापेक्षा दोन बोटं जास्त औषध घातलं आणि एक दुपार पेन्सिल घेऊन बसलो. फोटो असा झाला की मालक म्हणाला, "ही तुझी बहीण व्हय?" मला अभिमान वाटला.

जवानाला फोटो पसंत पडला. सुट्टीवर आला, आईला घेऊन बघायला आला. बहीण पोहे घेऊन बाहेर आली. त्याच्या आईनं फोटो पिशवीतून काढला, एकदा फोटोकडं बघितलं, एकदा पोरीकडं, आणि भर माणसांत म्हणाली, "ह्या फोटुतली पोरगी कुठाय?"

ते पोह्याला न शिवता उठून गेले. पुढं तिचं लग्न झालं, संसार झाला, पण ते सांगायला मी बसलेलो नाही.

तर गेल्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. राम राम नाही, काही नाही.

"दादा, माझी थोरली जाऊ गेली ते ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय. दहाव्याला आलतो की."

"तिचा फ्लेक्स लावलाय तिकटीवर, एसटी थांबती तितं. भावपूर्ण श्रद्धांजली. बघितलास का?"

"न्हाई."

"गुलाबी गाल केल्यात तिला. व्हट लाल. जाऊ माझ्यापरीस काळी हुती रं! तिची लेक सासरनं आली आन् फ्लेक्सखालनंच चालत घराकडं आली, तिला आय दिसलीच न्हाई वर. मोबाईलवर काढला म्हनं, मोबाईल आपोआप गोरं करतो."

"करतो. मी बघितलंय."

"माझाबी असाच करत्याल. मेल्यावर मी काय उठून सांगणार हाय? त्याच्या आधी तू ये. हाय तशी काढ."

मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "आन् आयक. धुवायचं काम हितं, माझ्यासमोर. रोल घिऊन घरी जायचं न्हाई."

भावावर एवढा विश्वास! राग आला मला. पण मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो.

पिशवीत माझा जुना कॅमेरा, शेवटचा राहिलेला एक रोल, डबा, दोन थरांच्या काळ्या कापडाची मीच शिवलेली हात घालायची पिशवी, उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या हायपोची बाटली, आणि औषधाची बाटली. औषध तळाशी थोडंच होतं, पण एका रोलला भरपूर. नवीन बाटली मागवायची म्हटलं तर सुनेला मोबाईलवर ते पान उघडायला लावावं लागतं आणि ती दर वेळी विचारते, "आबा, हे विषारी असतं का?" म्हणून मी मागवायचं लांबवतो.

तिच्या शेतात बेदाण्याचं शेड आहे. मजल्यावर मजले जाळ्यांचे, त्यावर द्राक्षं वाळत घातलेली, भोवती हिरवं नेट. त्या शेडच्या कडेला उजेड मऊ पडतो. तिथं खुर्ची टाकून तिला बसवलं. बसली ती बाई अशी, की जणू कुणी तिच्या बागेवर जप्ती आणलीय.

"जरा हस की."

"हाय तशी म्हणाले न्हवं? मी काय दिसभर हसत बसतीया व्हय?"

छत्तीसच्या छत्तीस फोटो मी तिच्यावरच घातले. पुन्हा बसणार नव्हती ती, आणि रोलही दुसरा नव्हता. हे चुकलं तर तिकटीवर गुलाबी गाल ठरलेले.

दुपारी तिच्या न्हाणीत मांडामांड केली. काळ्या पिशवीत हात घालून रोल डब्यात भरला. एकदा डब्याचं झाकण लागलं की पुढचं सगळं उजेडात करता येतं. ती उंबऱ्यावर पाय सोडून बसली होती, डोळा माझ्या हातावर. तिच्या बोअरचं पाणी खारं, त्याचे डाग पडतात फिल्मवर. म्हणून गावातल्या फिल्टरच्या पाण्याचा जार माठात ओतून सकाळपासून गार करत ठेवला होता. माठातलं फेब्रुवारीतलं पाणी ह्या कामाला बरोबर असतं. मनगट घातलं की मला कळतं. दुधाचं पाव लिटरचं माप घेऊन दोन मापं पाणी मोजलं, झालं अर्धा लिटर. त्यात औषधाची बाटली तिरकी केली, मनात एक, दोन, तीन म्हटलं आणि सरळ केली.

"किती वतलंस?" उंबऱ्यावरून आवाज.

"दहा मिली. एकास पन्नास."

"कशानं मोजलंस?"

"हातानं. चाळीस वर्षांचा हात हाय ह्यो."

"पाणी मापानं आन् औषध हातानं?"

"औषध मला मोजावं लागत न्हाई."

ती उठली. मला वाटलं चहा ठेवायला गेली. ती आली ती एक रिकामी बाटली आणि एक प्लॅस्टिकचं मापाचं ग्लास घेऊन, बारीक रेघा मारलेलं. फवारणीच्या औषधाबरोबर येतं तसलं, पण कोरं, पिशवीतून आत्ताच काढलेलं.

"आमी पंपाला अंदाजानं वतलं तर बाग जळती, दादा. एक मिलीनं जळती. ही घे रिकामी बाटली, पाणी भर, आन् तुझं एक-दोन-तीन कर ह्याच्यात."

"मी काय परीक्षेला बसलोय व्हय?"

"पाचवीत पंधरा दिस बसलावतास, आता पाच मिनिटं बस."

दात ओठ खाऊन केलं. एक, दोन, तीन. ग्लास तिनं उंबऱ्यावर ठेवलं, वाकून रेघ बघितली.

"अठरा."

"पाणी पातळ असतंय. भसकन पडतंय. औषध दाट असतंय."

"पुन्यांदा कर."

दुसऱ्यांदा चौदा आलं. तिसऱ्यांदा परत अठराच्या वर.

आता खरं सांगायचं तर माझा उजवा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. घरी मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि गेले काही रोल करपल्यासारखे का येत होते, त्याचं खापर मी फिल्मवर फोडत होतो, पाण्यावर फोडत होतो, एकदा तर उन्हाळ्यावर. त्या उंबऱ्यावर बसून मला कळलं, की माझा हात चुकतो तो नेहमी एकाच बाजूला, कडकच्या. नवरीला कडक. मालक मरून गेला, दुकान गेलं, पण हाताला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिच्याशी आणखी थोडा भांडलो. ते कालवलेलं ओतून द्यायला माझा जीव होईना. त्यातच पाणी वाढवावं म्हटलं, तर मुळात किती पडलंय हेच ठाऊक नाही. मग काय अंदाजानं अंदाज सुधारायचा? शेवटी मोरीत ओतलं. बाटली उलटी करून राहिलेलं सगळं तिच्या त्या ग्लासात निथळलं. दोघांनी वाकून बघितलं.

पाच मिली. पाचच्या रेघेला टेकलेलं, वर नाही.

"पाच हाय," ती म्हणाली. "निम्मंच. आता?"

आता काय? पोरगा असता तर म्हणाला असता, पुण्याला पाठवू. ती म्हणाली असती, ने घरी, आणि पुन्हा मला दारात उभं केलं नसतं. मी चुळा भरायला म्हणून बाहेर गेलो, नळाखाली तोंड धुतलं, आणि आठवलं. एकदा ऐन लग्नसराईत औषध संपत आलेलं. मालक बाहेरगावी. मी एक रोल नुसत्या चमचाभर औषधात टाकून ठेवला होता, निम्म्याहूनही पातळ, आणि हलवत बसायला कंटाळा आला म्हणून जेवायला गेलो. आलो तासाभरानं. मालकानं तो रोल बघून शिव्या दिल्या, कारण नवरी उजळली नव्हती. पण तिच्या शालूचं पोत, कपाळावरच्या बारीक पुळ्या, मागच्या अंधारातली माणसं, सगळं आलेलं. पातळ औषध उजेडावर लगेच थकतं, तिथं करपवत नाही. अंधाराच्या भागावर मात्र हळूहळू काम करत राहतं. काळ्या माणसाला हेच औषध पाहिजे. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं होतं, पण पगार उजळ करायचा मिळायचा.

"पाचला पाचशे," मी आत येऊन म्हणालो. "एकास शंभर. तासभर ठेवायचं. हलवत बसायचं न्हाई."

"उठंल का त्यावर?"

"उठंल."

"नक्की?"

"न्हाई उठलं तर कॅमेरा विहिरीत टाक."

"मी कशाला टाकू? तू टाक. मी बघाय यीन."

ह्या वेळी सगळं ग्लासानं मोजलं. ग्लासही त्याच पाण्यानं विसळून घेतलं, थेंब वाया नको म्हणून. डब्यात ओतलं, बुडबुडे जावेत म्हणून डबा एकदा फरशीवर ठोकला, आणि तिच्या-माझ्यामध्ये उंबऱ्यावर ठेवला. दोन म्हातारी माणसं एका डब्याकडं बघत बसली. तास लय मोठा असतो, बसून बघा.

मग ती म्हणाली, "तवा किती वतलंवतंस?"

मी म्हणालो, "कवा?"

"कवा म्हनं!"

मी डबा जरा सरळ केला. म्हणालो, "मालकानं..."

"मालकाचं नाव काढू नगंस. तुझ्या बोटांना पेन्शिलीचं शिसं लागलंवतं. दोन दिवस जेवताना भाकरीला लागत हुतं. मी ताटं घासत हुते, मला दिसत न्हवतं व्हय?"

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. पन्नास वर्षं मी एक गोष्ट लपवून ठेवली, आणि जिच्यापासून लपवली तिनं ती भाकरीच्या कडेवर वाचलेली.

"मी चांगल्यासाठी केलं," मी म्हणालो. आणि अजूनही म्हणतो. एकोणीस वर्षांचा होतो, बहिणीचं चांगलं व्हावं म्हणून केलं. त्याची मी कुणापुढं नाक घासून माफी मागणार नाही.

"व्हय. समदी चांगल्यासाठीच करत्यात." तिनं डब्याला हात लावला, गार आहे का बघितल्यासारखा. "त्या बाईचा मला राग न्हाई रं. परकी माणसं, नगं म्हणाली, गेली. पण तू घरचा. तुलाबी मी हाय तशी चालली न्हाई."

मी घड्याळ बघितलं. तास निम्माच झाला होता.

मध्ये एकदाच डबा हळू उलटा-सुलटा केला, मग पुन्हा ठेवला. तास भरल्यावर औषध ओतून दिलं, पाणी फिरवलं, हायपो घातला. तो दहा मिनिटं. मग पाण्यानं धुऊन झाकण काढलं. फिल्म गुंडाळलेलं रीळ पाण्यातून वर धरलं आणि फिल्मचं टोक उलगडलं. उठलं होतं. छत्तीसच्या छत्तीस. पातळ, पण स्वच्छ.

तिनं फिल्म खिडकीकडं धरायला लावली. डोळे बारीक करून बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"केस काळं आन् त्वांड गोरं! दादा, परत केलंस!"

"अगं बाई, निगेटिव्ह हाय ती. उलटंच असतंय. काळं ते पांढरं दिसतं."

"मला शिकवू नगंस. डोळं हायती मला."

मी तिला कितीही सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं, आमच्या घराण्यातच ते नाही. मी फिल्म तारेवर चिमट्यानं टांगली, खाली दुसरा चिमटा लावला वजनाला, आणि वाळायची वाट बघत बसलो. तिनं चहा दिला तो बशीसकट आपटून.

वाळल्यावर मी ती रोल भरायची काळी पिशवी उंबऱ्यावर पसरली. फिल्म तिच्यावर ठेवली, मावळतीकडचा उजेड बाजूनं पडेल अशी जरा तिरकी केली. पातळ निगेटिव्ह काळ्यावर धरून तिरकी केली की उलटी होते, काळं ते काळंच दिसतं, हे डार्करूममध्ये बसलेल्या माणसालाच ठाऊक असतं. करपलेली निगेटिव्ह एवढी स्वच्छ उलटत नाही.

"आता बघ. हितनं. मान खाली घाल."

तिनं मान खाली घातली. पांढरे केस. काळं तोंड. कपाळावरच्या आडव्या रेषा, नाकाशेजारचा चामखीळ, गळ्याच्या सुरकुत्या, सगळं जिथल्या तिथं. डोळ्यांत तीच जप्ती आलेल्या बाईची नजर. माझ्या खिशात पेन्सिल होती, जुन्या सवयीनं असतेच. मी ती काढली नाही, एवढं मात्र मला लिहून ठेवायचंय.

ती बराच वेळ बघत होती. बोट जवळ नेलं, पण लावलं नाही.

"नाक लय मोठं आलंय," ती म्हणाली.

"नाक तुझंच हाय."

"मग असू दे."